पोळी कोणाची, टाळी कोणाची?

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याकडे बहुधा दुसऱ्याला टोचण्यासाठीच वापरली जाते. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पोळी कोणाच्या घरची आहे हे खाणाऱ्याला ठाऊक असते आणि टाळी ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणूनच त्या टाळीची खरी किंमत करणे कोणालाही अवघड जात नाही. इंग्रजीत या म्हणीची एक चुलत बहीण आहे. बासरीवाल्याला जो बिदागी देतो, सूरही तोच सांगतो, असा तिचा भाव. त्या म्हणीच्या पूर्वार्धाचेच प्रश्नचिन्ह करून ब्रिटिश लेखिका फ्रान्सिस स्टोनर सॉण्डर्स यांनी आपल्या ग्रंथाला ‘हू पेड द पायपर?’ असे नाव दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सी. आय. ए. या गुप्तचर संस्थेने लेखक, कलावंत व विचारवंत यांना गुप्तपणे कसे पोसले, याची हकिकत सांगतो. त्याच विषयावर पीटर कोलमन या ऑस्ट्रेलियन लेखकाचा ‘द लिबरल कॉन्स्पिरसी’ हा ग्रंथ १९८९ साली, तर ह्यू विल्फर्ड या इतिहासकाराचा ‘द माइटी वुर्लिट्झर’ हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. या तीन ग्रंथांच्या अनुषंगाने काही विचार वाचकांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

परदेशातील हा जुना व्यवहार आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला तीन कारणे आहेत. या व्यवहाराचा एक अंक मुंबईत घडला. ज्या थोरांची नावे त्याला शोभा म्हणून लावली गेली, त्यांत एक नाव विसाव्या शतकातील श्रेष्ठ कॅथलिक तत्त्वज्ञाचे होते. आणि ज्या दारांतून हा माल बाहेर पडला, त्यांतील एक दार व्हॅटिकनच्या मंडपाचे होते.

दोन छावण्या, दोन मेळावे

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील अनेक लेखक-कलावंतांच्या मनात सोव्हिएत रशियाविषयी आदर होता. हिटलरला रोखताना रशियन जनतेने सोसलेल्या हानीची आठवण ताजी होती. या आदराचे राजकीय भांडवल करण्यास मॉस्कोने विलंब लावला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्लाव येथे बुद्धिवंतांची जागतिक शांतता परिषद भरली. चित्रकार पिकासो तिला आवर्जून गेला. मार्च १९४९ मध्ये तसाच मेळावा न्यूयॉर्क येथील वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात झाला. त्याला सोव्हिएत शिष्टमंडळाबरोबर थोर संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांना धाडण्यात आले होते. वर्षभरापूर्वीच पक्षाच्या ठरावाने त्यांच्या संगीतावर कोरडे ओढले होते. सभेत निकोलस नाबोकोव्ह या निर्वासित रशियन संगीतकाराने उभे राहून त्यांना विचारले की, स्ट्राव्हिन्स्की प्रभृती संगीतकारांवर सोव्हिएत वृत्तपत्रांनी केलेली टीका आपणांस मान्य आहे काय? शोस्ताकोविच यांना सर्वांसमक्ष ‘मान्य आहे’ असे म्हणावे लागले. वस्तुतः स्ट्राव्हिन्स्कीविषयी त्यांच्या मनात आदर होता.

पोळीच्या बदल्यात टाळी म्हणजे काय, याचे याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. परंतु प्रश्न विचारणाऱ्याची पुढील कहाणीही तितकीच बोधप्रद आहे. हेच नाबोकोव्ह १९५१ साली ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेचे सरचिटणीस झाले. सांस्कृतिक स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अधिवेशन २६ जून १९५० रोजी पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाले. कोरियातील युद्धाला तोंड लागून तेव्हा एकच दिवस लोटला होता. आर्थर कोस्लर, इग्नात्सिओ सिलोने यांसारखे, कम्युनिस्ट पक्षातून पोळून बाहेर पडलेले लेखक तेथे आघाडीवर होते. पुढे या संस्थेचे मुख्य कार्यालय पॅरिसला थाटले गेले आणि तिचा पसारा पस्तीस देशांपर्यंत पोहोचला. लंडनचे ‘एन्काउंटर’, पॅरिसचे ‘प्रव्ह’, रोमचे ‘तेम्पो प्रेझेन्ते’ अशी एकाहून एक सरस नियतकालिके तिच्या आधाराने निघाली.

हा सारा खर्च कोठून होत होता? कागदोपत्री उत्तर असे होते की, ज्यूलियस फ्लायशमन या धनिक उद्योगपतीच्या अध्यक्षतेखालील ‘फारफील्ड फाउंडेशन’ ही दानशूर संस्था मदत करते. प्रत्यक्षात फारफील्ड ही पैसा वाहून नेणारी मोरी होती, उगम सी. आय. ए. च्या तिजोरीत होता. संस्थेचा कारभार पाहणारे मायकेल जोसेल्सन हे स्वतः त्या गुप्तचर संस्थेचे माणूस होते. ही गोष्ट मोजक्या मंडळींना ठाऊक होती, काहींना तिचा संशय होता, आणि लिहिणाऱ्यांपैकी व वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिची गंधवार्ताही नव्हती.

गुप्तता कशासाठी, याचे कारण ध्यानी घेण्याजोगे आहे. ज्यांना मदत करायची होती ते बहुतांशी समाजवादी व उदारमतवादी होते. कम्युनिझमला खरे उत्तर डावीकडचा लोकशाहीवादीच देऊ शकेल, असा या योजनेच्या कर्त्यांचा होरा होता. परंतु अशा मंडळींवर उघडपणे पैसा खर्च करण्यास त्या काळच्या अमेरिकन संसदेने कधीच मंजुरी दिली नसती. म्हणजे ही लपवाछपवी जितकी मॉस्कोपासून होती, तितकीच स्वतःच्या लोकप्रतिनिधींपासूनही होती. लोकशाहीच्या रक्षणासाठी लोकशाहीलाच अंधारात ठेवावे लागले, ही विसंगती या प्रकरणाच्या मुळाशीच आहे.

उघड्यावरची पोळी

येथे सोव्हिएत बाजूची तुलना करणे न्यायाचे होईल. मॉस्कोची पोळी उघड्यावर वाढली जात असे. १९३४ साली स्थापन झालेल्या लेखक संघाच्या सभासदाला घर, उपचार, विश्रांतिगृह, पुस्तकांच्या मोठमोठ्या आवृत्त्या असे सर्व काही मिळे. संघातून काढले की हे सर्व जाई. १९४६ साली कवयित्री अखमातोवा आणि विनोदी लेखक झोशेंको यांना असेच बाहेर काढण्यात आले आणि त्यांची लेखणी व भाकरी एकदमच हिरावली गेली. परकीय मित्रांसाठी निराळे ताट असे. १९४९ च्या अखेरीस स्तालिनच्या नावाने शांतता पारितोषिक सुरू झाले, डॉ. सैफुद्दीन किचलू हे त्याचे एक भारतीय मानकरी होते. १९६५ सालापासून ‘सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार’ भारतीय लेखकांना मिळू लागले.

आणि ती पुस्तके! मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने, आणि पुढे रादुगाने, मराठीत छापवून घेतलेली, भक्कम बांधणीची, सुरेख चित्रांची, नाममात्र किमतीची पुस्तके आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी होती. कित्येक मराठी मुलांनी तोलस्तोय व गॉर्की प्रथम त्याच पुस्तकांतून वाचले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला. त्या स्वस्ताईमागे एका राज्याचा हेतू होता, हे उघड होते. परंतु मुखपृष्ठ उलटताच ‘मॉस्को’ हे अक्षर दिसे. सुज्ञ वाचक ते पाहून मजकुराला आवश्यक तेवढे मीठ लावून वाची, आणि तोलस्तोय तर मीठ न लावताही गोड लागे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले व त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या पुस्तकातील भारावलेपणा कोठून आला हे वाचकाला कळते, कारण लेखकाने ते दडविलेले नाही.

पाहुणचार स्वीकारणारा प्रत्येक जण भाट होतो असेही नाही. मूळचे गोव्याचे, गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे सोव्हिएत पुरस्कृत जागतिक शांतता चळवळीत अनेक वर्षे वावरले. पण १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात त्यांनी ‘अधिकृत’ मार्क्सवाद्यांची अशी काही खिल्ली उडविली की, त्यांना कोणी पक्षाचा पाईक म्हणू धजले नाही. माणूस जातीचा ताठ असेल तर पंगतीत बसूनही तो टाळी राखून ठेवू शकतो.

तेव्हा एका बाजूस उघड आश्रय आणि त्यामागे उगारलेली काठी, तर दुसऱ्या बाजूस काठी नाही पण आश्रयदात्याच्या तोंडावर बुरखा, असा हा भेद आहे. दोहोंची नैतिक बरोबरी करणे आम्हांस मान्य नाही. लेखकाला छळछावणीत धाडणारी सत्ता आणि त्याला छुपेपणाने मानधन देणारी सत्ता या एकाच मापाने मोजता येत नाहीत. परंतु पहिलीचे पाप मोठे म्हणून दुसरीचे पुण्य ठरत नाही.

मुंबईचा अंक

भारतातील पहिली परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरली. अलिप्ततेचे धोरण आखणाऱ्या नेहरू सरकारला ती दिल्लीत नकोशी होती, म्हणून ती मुंबईस आली असे कोलमन यांच्या कथनावरून दिसते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन व स्टीफन स्पेंडर, स्पेनचे मादारियागा असे पाहुणे आले होते. यजमानांत मिनू मसानी व जयप्रकाश नारायण होते. या परिषदेतून भारतीय समिती जन्मली. तिने १९५२ साली ‘फ्रीडम फर्स्ट’ आणि १९५५ साली ‘क्वेस्ट’ ही इंग्रजी नियतकालिके सुरू केली. मराठी मातृभाषेच्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले कवी निस्सीम इझिकेल हे ‘क्वेस्ट’चे पहिले संपादक. पुढे प्रा. अ. भि. शहा यांनी ते नावारूपास ठेवले. कविता, समीक्षा, धर्मनिरपेक्षता, विद्यापीठांची दुरवस्था अशा विषयांवरचे त्यातील लेखन आजही वाचनीय आहे. त्या पानांवर वॉशिंग्टनची आरती ओवाळलेली दिसत नाही.

एप्रिल १९६६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणि पाठोपाठ १९६७ च्या आरंभी ‘रॅम्पार्ट्स’ या कॅलिफोर्नियातील मासिकाने या गुप्त पैशाचा छडा लावला. मे १९६७ मध्ये सी. आय. ए. चे माजी अधिकारी टॉम ब्रेडन यांनी आपणच ही योजना चालविली असे एका लेखात अभिमानाने सांगून टाकले. जोसेल्सन यांनी राजीनामा दिला. स्पेंडर व समीक्षक फ्रँक कर्मोड यांनी ‘एन्काउंटर’ सोडले. संस्थेने नाव बदलले, फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर ती आणखी काही वर्षे तगली आणि १९७९ साली विसर्जित झाली.

मुंबईच्या मंडळींचे काय? जयप्रकाशजी हे या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष होते. त्यांचे स्वातंत्र्यप्रेम डॉलरवर पोसलेले होते काय? १९७५ च्या आणीबाणीत ज्या माणसाने स्वतःच्या देशातील सरकारविरुद्ध उभे राहून तुरुंग पत्करला, त्याविषयी हा प्रश्न विचारणेही अनुदारपणाचे आहे. ‘क्वेस्ट’ त्याच आणीबाणीच्या काळात बंद पडले आणि १९७७ साली ‘न्यू क्वेस्ट’ या नावाने पुन्हा उभे राहिले. ही माणसे विकलेली नव्हती. आणि नेमके म्हणूनच त्यांच्यावर झालेला अन्याय अधिक मोठा ठरतो. जे त्यांनी स्वतःच्या विवेकाने म्हटले असते, तेच आता ‘बोलविता धनी’ निराळा आहे, अशा कुजबुजीत बुडाले. प्रामाणिक माणसाची साक्ष निकामी करावयाची असेल तर त्याला लाच देण्याची गरज नाही. त्याच्या नकळत त्याच्या खिशात नाणे टाकले तरी पुरे.

तीन ग्रंथ, एक उणीव

आता ग्रंथांकडे वळू. सॉण्डर्सबाईंचा ग्रंथ सरकारी वकिलाच्या तडफेने लिहिलेला आहे. कागदपत्रे, मुलाखती, पत्रव्यवहार यांचा त्यांनी केलेला धांडोळा थक्क करणारा आहे आणि त्यांची शैली वाचकाला खिळवून ठेवते. परंतु शीर्षकातील म्हण त्यांच्या पुराव्याला पेलत नाही. ज्या संस्थेची नियतकालिके पाहावी, तिच्यात अमेरिकेवर टीका करणारे लेखनही आढळते. सूर सांगितला गेला असे प्रत्येक वेळी दाखविता येत नाही.

कोलमन हे त्या संस्थेच्या परिवारातलेच. तिच्या ऑस्ट्रेलियन नियतकालिकाचे ते संपादक होते. त्यांचा ग्रंथ बचावाच्या वकिलाचा आहे, तरीही सभ्य व माहितीपूर्ण आहे. भारताविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, काम उत्तम झाले, सत्याची बाजू राखली गेली, मग पैसा कोणाचा हा प्रश्न गौण ठरतो. विल्फर्ड यांनी दोघांच्या मधली वाट काढली. आश्रयदात्याने बुद्धिवंतांना वापरले तसे बुद्धिवंतांनीही आश्रयदात्याला वापरले, बाहुल्या बरेचदा स्वतःच्या मर्जीने नाचल्या, असे त्यांचे प्रतिपादन असून पुराव्याच्या दृष्टीने ते आम्हांस सर्वांत समतोल वाटते.

एक उदाहरण या तिन्ही भूमिकांची कसोटी पाहणारे आहे. ड्वाइट मॅकडोनाल्ड या अमेरिकन निबंधकाराने १९५८ साली आपल्या देशाच्या उथळ राहणीवर एक झणझणीत लेख लिहिला. ‘एन्काउंटर’मध्ये पूर्वी त्यांनी स्वतः काम केले होते. तरीही तो लेख तेथे नाकारला गेला व अन्यत्र छापला गेला. गमतीची गोष्ट अशी की, त्याच संस्थेच्या रोममधील ‘तेम्पो प्रेझेन्ते’ने तो छापला! म्हणजे सूर सांगणारी सक्ती सर्वत्र नव्हती, पण एका ठिकाणी पडदा निश्चित पडला. येथे आपली मराठी म्हण इंग्रजी म्हणीपेक्षा अधिक शहाणी ठरते. आश्रयाने गाणे बदलतेच असे नाही. बदलते ते कोठे टाळी वाजवावी आणि कोठे हात आवरावेत याचे भान. जे छापले गेले ते तपासून हा परिणाम दिसत नाही. जे छापले गेले नाही, जे कोणी लिहायलाच घेतले नाही, त्यात तो लपलेला असतो.

आणि तिन्ही ग्रंथकारांची समान उणीव हीच की, ते लेखकाविषयी विचारतात: तो विकला गेला की नाही? वाचकाविषयी कोणी फारसे विचारीत नाही. सॉण्डर्सबाईंच्या ग्रंथात लंडन, पॅरिस व न्यूयॉर्क यांना जी ऐसपैस जागा मिळाली आहे, तिच्या मानाने मुंबई व कंपाला यांच्या वाट्याला कोपराच आला आहे. वस्तुतः फसवणूक सर्वांत अधिक झाली ती तेथील वाचकाची. परळच्या चाळीत किंवा पुण्याच्या वसतिगृहात वर्गणी भरून ‘क्वेस्ट’ वाचणारा तरुण ज्या मजकुराला स्वतंत्र भारतीय मत म्हणून मान देत होता, त्याची बिदागी अन्यत्र ठरली आहे हे त्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता. ‘मॉस्को’ हे अक्षर पाहून मीठ लावण्याची जी मुभा सोव्हिएत पुस्तकाच्या वाचकाला होती, ती याला नव्हती.

व्हॅटिकनच्या मंडपात

आता आमच्या स्वतःच्या घराकडे येऊ. सदर संस्थेच्या सन्माननीय अध्यक्षांत कार्ल यास्पर्स, बर्ट्रंड रसेल यांच्या शेजारी जॅक मारितँ यांचे नाव होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या कोणाही धर्मगुरूला हे नाव परके नाही. संत थॉमस अक्वायनस यांचे विचार आधुनिक लोकशाहीशी जोडून दाखविणारा हा महान पंडित. त्यांच्या नावाचे पुण्य अशा संस्थेला लाभले, जिच्या हिशेबाची वही त्यांच्यासारख्यांपुढे कधीच उघडली जाणार नव्हती.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट १९५८ सालच्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातील आहे. रशियन कवी बोरिस पास्तरनाक यांची ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी स्वदेशात छापण्यास नकार मिळाला होता. मिलानचे प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांनी ती नोव्हेंबर १९५७ मध्ये इटालियन भाषेत प्रसिद्ध केली. सी. आय. ए. ने तिची मूळ रशियन आवृत्ती हॉलंडमध्ये गुपचूप छापवून घेतली. हजाराहून थोड्या अधिक प्रतींपैकी साडेतीनशेच्या वर प्रती ब्रुसेल्सला गेल्या आणि तेथे व्हॅटिकनच्या मंडपातून, निर्वासित रशियन कॅथलिकांच्या हातून, सोव्हिएत प्रवाशांना वाटल्या गेल्या. प्रवासी निळे कापडी मुखपृष्ठ फाडून टाकीत व पाने खिशांत दडवून नेत. अमेरिकेचा हात कोठेही दिसू नये अशी दक्षता घेण्यात आली होती. अनेक वर्षे ही केवळ वदंता होती. एप्रिल २०१४ मध्ये सी. आय. ए. ने स्वतःच आपली कागदपत्रे खुली केली आणि त्याच वर्षी पीटर फिन व पेत्रा कूव्हे यांनी ‘द झिवागो अफेअर’ या ग्रंथात ती संगतवार मांडली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये पास्तरनाक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. काही दिवसांतच लेखक संघाने त्यांना काढून टाकले व त्यांना पारितोषिक नाकारावे लागले. १९६० च्या मे महिन्यात ते वारले, आणि त्यानंतर त्यांची सहचरी ओल्गा इविन्स्काया व तिची मुलगी यांना श्रमछावणीत धाडण्यात आले. या छळाला ब्रुसेल्सची छपाईच कारण झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल; इटालियन आवृत्ती व नोबेल एवढेही त्या राजवटीला पुरेसे होते. परंतु ज्याच्या जिवावर बेतणार होते, त्याची अनुमती कोणी घेतली नाही. ग्रंथ श्रेष्ठ होता. तो रशियन वाचकाच्या हाती पडला हे चांगलेच झाले. तरीही प्रश्न उरतो तो त्या हातांचा, ज्यांनी तो दिला.

कोणी म्हणेल, गुप्त दान हे तर शुभवर्तमानाला संमतच आहे. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये अशीच प्रभूची शिकवण आहे. ही पळवाट आम्हांस मान्य नाही. प्रभूने दात्याचा अहंकार झाकण्यास सांगितले. दात्याचा हेतू झाकण्यास नव्हे. जे दान स्वतःचे मोठेपण लपविते ते घेणाऱ्याला मोकळे ठेवते. जे दान आपला स्वार्थ लपविते ते घेणाऱ्याला साधन बनविते, आणि माणसाला कधी साधन करू नये, हा तर मारितँ यांच्याही विचाराचा गाभा.

शिवाय या एका कृतीची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. सोव्हिएत राज्यात प्रत्येक श्रद्धावंतावर तो परकीय सत्तेचा हस्तक असल्याचा आरोप ठेवला जाई. ख्रिस्तसभेने तो नेहमीच नाकारला. ब्रुसेल्सच्या मंडपात कादंबरीबरोबर धर्मग्रंथही मिळत होते. एकाच फळीवर एक पुस्तक गुप्तचरांचे असेल, तर उरलेल्या पुस्तकांची शपथ कोणी घ्यावी? आरोप करणाऱ्यांच्या हाती आपणहून असा पुरावा देणे हा आपल्याच बंदिवान बांधवांशी केलेला द्रोह ठरतो, मग हेतू कितीही शुद्ध असो.

दात्यांचे उत्तरदायित्व

खाजगी फाउंडेशनांविषयी दोन शब्द. १९७६ साली अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने काढलेला हिशेब असा: फोर्ड, रॉकफेलर व कार्नेगी ही तीन मोठी घराणी वगळून अन्य १६४ फाउंडेशनांनी १९६३ ते १९६६ या काळात दहा हजार डॉलरहून मोठी अशी सुमारे ७०० अनुदाने दिली, त्यांपैकी किमान १०८ अनुदानांत सी. आय. ए. चा पैसा अंशतः वा पूर्णतः होता. म्हणजे सुमारे सहा-सात अनुदानांमागे एक. ज्यांच्याकडे असा पैसा नव्हता अशा बहुसंख्य दात्यांवरही त्यामुळे संशयाचे शिंतोडे उडाले. युगांडात १९६१ साली ‘ट्रान्झिशन’ हे तेजस्वी मासिक काढणारे भारतीय वंशाचे राजत नियोगी यांची व्यथा हीच होती. आपल्या नकळत आपण हा पैसा घेतला, हे कळल्यावर त्यांनी आपला संताप १९६७ साली स्वतःच्याच मासिकात उघडपणे मांडला. आम्हांस या साऱ्या प्रकरणात तेच वर्तन सर्वांत अनुकरणीय वाटते. त्यांनी वाचकाला विश्वासात घेतले. पुढच्याच वर्षी युगांडाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, तेही त्यांच्या निर्भीड संपादनापायीच. तेव्हा त्यांचा कणा कोणाच्या पैशाचा नव्हता, हे आपोआपच सिद्ध झाले.

आश्रयाशिवाय वाङ्मय चालत नाही, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. लहान नियतकालिकाला वर्गणीदार, देणगीदार, जाहिरातदार यांचा टेकू लागतोच. आश्रय घेणे हे पाप नव्हे. शीतयुद्ध संपले, तरी विचारांच्या चढाओढी संपलेल्या नाहीत. सरकारे, उद्योगसमूह व दानसंस्था आजही परिषदा भरवितात, शिष्यवृत्त्या देतात, पुरस्कार वाटतात. यातील प्रत्येक निमंत्रणावर संशय घेणे हा एक आजार ठरेल. परंतु दोन पथ्ये पाळता येतात. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावे. आणि ज्याने दिले त्याच्याविषयी वर्षातून एकदा तरी अप्रिय सत्य लिहून पाहावे. ते छापून आले तर आश्रय निर्मळ आहे असे समजावे. न आल्यास, किंवा ते लिहावे असे कधी मनातच आले नाही तर, आपल्या विवेकाची तपासणी करण्याची वेळ आली आहे, हे ओळखावे.

वाचकांचेही एक कर्तव्य आहे. लेखक विकला गेला, अशी हाकाटी करणे सोपे असते आणि बहुधा ते खोटेही असते. त्यापेक्षा हिशेब मागावा. ‘एन्काउंटर’च्या हजारो वाचकांपैकी पुरेशा लोकांनी पहिल्याच वर्षी, १९५३ साली, हा एवढा सुंदर कागद व एवढे मानधन येते कोठून, असे सभ्यपणे विचारले असते, तर पुढची चौदा वर्षे कोणाला बुरखा पांघरावा लागला नसता. सत्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यांना आपला खर्च सांगण्याची लाज वाटू नये. ज्यांना ती वाटते, त्यांनी प्रथम सत्यावरच पुरेसा विश्वास ठेवलेला नसतो.